'कंपनी' आणि तुटलेल्या दोस्तीचा इतिहास

मंडळी, इतिहासावर लिहायचे म्हटले की पानिपत नाहीतर पुरंदरचा तह, अशी आपली सवय. आज मात्र तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत घडलेल्या इतिहासावर लिहिणार आहे, आणि त्याला निमित्त आहे एका हिंदी सिनेमाचे. घरातली काही वडील मंडळी नाक मुरडतील, "गुंडांवर कसले लेख लिहितेस?" म्हणून. पण आपण ज्या शहरात नोकऱ्या केल्या, मुले वाढवली, त्या शहराची पंधरा-वीस वर्षे या गुंडांच्या सावलीत गेली. त्यावर लिहायचे नाही तर कशावर?

सिनेमा आहे राम गोपाल वर्मांचा 'कंपनी'. एप्रिल २००२ मध्ये आला. लेखन जयदीप साहनींचे. अजय देवगण झाला आहे मलिक, विवेक ओबेरॉय चंदू (हा त्याचा पहिलाच सिनेमा), मोहनलाल हा मल्याळी नट श्रीनिवासन नावाचा पोलीस अधिकारी आणि सीमा बिस्वास चंदूची आई. त्याआधी चार वर्षे, १९९८ मध्ये, वर्मांचाच 'सत्या' येऊन गेला होता आणि त्यातल्या भिकू म्हात्रेने मनोज वाजपेयीला घराघरांत पोचवले होते. 'सत्या'त गल्लीतली टोळी होती. 'कंपनी'त तीच टोळी परदेशात कचेरी थाटते, फोनवरून माणसे मारते आणि नफ्यातोट्याची भाषा बोलते. नावातच सगळे आले.

गोष्ट थोडक्यात अशी. मलिक महत्त्वाकांक्षी, थंड डोक्याचा. चंदू चाळीतला, हुशार, रागीट, जीव लावणारा. दोघांची जोडी जमते, प्रतिस्पर्धी संपतात, दोघे हाँगकाँगला जाऊन तिथून मुंबईचा कारभार पाहू लागतात. मग एका राजकारणी माणसाची सुपारी येते. ज्या गाडीला अपघात घडवायचा त्या गाडीत त्याची मुलेही आहेत हे कळल्यावर चंदू काम थांबवू पाहतो. मलिक म्हणतो, काम होणार. बस, एवढ्यावर ठिणगी पडते. आजूबाजूची माणसे तिला वारा घालतात आणि सख्ख्या भावांसारखे दोघे एकमेकांच्या जिवावर उठतात. नैरोबीत चंदूवर हल्ला होतो, तो कसाबसा वाचतो. शेवटी मलिक मारला जातो तो चंदूच्याच माणसाच्या गोळीने.

पडद्यावर कुणाचेही खरे नाव नव्हते. पण २००२ साली थिएटरात बसलेल्या प्रत्येक मुंबईकराला मलिक म्हणजे दाऊद आणि चंदू म्हणजे छोटा राजन हे कुणी सांगावे लागले नाही. सप्टेंबर २००० मध्ये बँकॉकमध्ये राजनवर झालेला हल्ला, त्यात त्याचा साथीदार रोहित वर्मा मारला जाणे, जखमी राजनचे नोव्हेंबरात इस्पितळातून पळून जाणे, हे सगळे वर्तमानपत्रांत येऊन फार दिवस झाले नव्हते. श्रीनिवासन हे पात्र त्या काळात मुंबई गुन्हे शाखेचे प्रमुख असलेल्या शिवानंदन यांच्यावरून बेतले, असे तेव्हापासून सांगितले जाते.

आता खरा इतिहास पाहू.

दाऊद इब्राहिम कासकर हा रत्नागिरी जिल्ह्यातला, खेड तालुक्यातल्या मुमके गावचा. म्हणजे आपल्या कोकणचाच. वाढला डोंगरीत. वडील मुंबई पोलिसांत हवालदार. फेब्रुवारी १९८१ मध्ये त्याचा भाऊ साबीर याला पठाण टोळीने प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर ठार केले. त्या खुनात मन्या सुर्वे सामील होता आणि अमीरजादाही. पुढे १९८३ मध्ये अमीरजादाला भर न्यायालयात गोळ्या घालण्यात आल्या. ते काम दाऊदसाठी बडा राजन याने करवून घेतले. त्याचा सूड म्हणून त्याच वर्षी बडा राजनही कोर्टाच्या आवारात मारला गेला. त्याची चेंबूरच्या टिळकनगरमधली गादी ज्याच्याकडे आली तो राजेंद्र सदाशिव निकाळजे, पूर्वी सहकार टॉकीजबाहेर सिनेमाची तिकिटे काळ्या बाजारात विकणारा. 'छोटा' राजन हे नाव त्याला बड्या राजनमुळे मिळाले. तेव्हा या दोस्तीचा पाया काय, तर एकमेकांसाठी केलेले आणि एकमेकांच्या नावावर मांडलेले खून. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दाऊद १९८० च्या दशकाच्या मध्यावर दुबईला गेला, काही वर्षांनी राजनही. मुंबईतले काम पाहणारा भरवशाचा माणूस म्हणून राजनचे वजन वाढत गेले. पण ही माणसे वरच्या वर मोठी होत नाहीत. त्यांना खाली मुले लागतात. ती कुठून आली?

इथे मला जानेवारी १९८२ हा महिना फार महत्त्वाचा वाटतो. ११ जानेवारीला वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतली पहिली 'चकमक' म्हणून ती सांगितली जाते. हा मन्या कीर्ती कॉलेजात शिकलेला होता. आणि त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १८ जानेवारीला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. एका आठवड्यात शहराने दोन दारे उघडली असे म्हणा ना. पोलिसांच्या बंदुकीला न्यायालयाची वाट न पाहण्याची सवय लागली आणि गिरणगावच्या चुलीला विझण्याची.

मी तेव्हा त्याच भागातल्या एका शाळेत शिकवत होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हजेरीपटावरची नावे तशीच होती, बाके मात्र अर्धी रिकामी. आधी वाटले, गावाहून यायला एसटी मिळाली नसेल. जुलै उजाडला तसे कळले की कुटुंबेच्या कुटुंबे कोकणात, साताऱ्या-कोल्हापूरकडे परत गेली आहेत. जी राहिली त्यांच्या घरी वडील दिवसभर भिंतीला टेकून बसलेले आणि आई लोकांचे डबे करणारी. पहिली पाळी, दुसरी पाळी, भोंगा यांवर चालणारे घड्याळ बंद पडले होते. वडिलांचा धाक पगाराबरोबर गेला. नवव्या-दहाव्या इयत्तेतल्या मुलाला घरी बसलेल्या बापापेक्षा नाक्यावर उभा असलेला, बुलेटवरून फिरणारा दादा मोठा वाटू लागला तर नवल काय?

पण इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. माझ्या वर्गातली बहुतेक मुले टोळीत गेली नाहीत. कुणी वडापावची गाडी लावली, कुणी रिक्षा चालवली, कुणी कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला. 'संप फसला म्हणून गुंड झाले' हे वाक्य आपण फार सहज बोलतो, आणि त्यात या प्रामाणिकपणे झिजलेल्या मुलांवर अन्याय होतो. गरिबीने मुले नाक्यावर आणली. त्यांच्या हातात 'घोडा' देणारे पैसे मात्र गरिबांचे नव्हते.

ते कुठून आले, हे समजायला थोडे अर्थशास्त्र लागते. हाजी मस्तानच्या पिढीचा धंदा होता तस्करीचा. सोने, घड्याळे, कापड. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्यावर बंधने होती, म्हणून चोरट्या सोन्याला भाव होता. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला, १९९२ पासून परदेशस्थ भारतीयांना पाच किलोपर्यंत सोने कर भरून उजळ माथ्याने आणता येऊ लागले. तस्करीतला मलिदा आटला. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, नव्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. जमिनीचे भाव आभाळाला भिडले. आता पैसा समुद्रात नव्हता, जमिनीत होता. भाडेकरू हटवायचे, युनियन वळवायची, भागीदाराला घाबरवायचे, यासाठी माणसे लागत होती. ती तयारच होती. १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीजवळ भररस्त्यात खून झाला तो याच गुंत्यातून. आणि ज्यांनी संप पुकारला त्या डॉ. सामंतांवर १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या खुनाच्या कटाचा खटला राजनवरही चालला, २०२३ मध्ये न्यायालयाने त्याला त्यातून निर्दोष सोडले.

भाषेची शिक्षिका म्हणून मला या काळाने केलेली शब्दांची मोडतोड फार लागते. सुपारी हा आपल्याकडे केवढा मंगल शब्द! लग्न ठरले की सुपारी फुटते. तमाशाच्या फडाला, बँडवाल्याला सुपारी दिली जाते. तिचा अर्थ खुनाचा ठेका असा झाला. खंडणी शब्द मी चौथाई-सरदेशमुखीच्या धड्यात शिकवत असे. पुढे मुले वर्गात हसू लागली, कारण त्यांच्या गल्लीतल्या वाण्याला त्याच आठवड्यात खंडणीचा फोन आलेला असे. लाखाला 'पेटी' आणि कोटीला 'खोका' म्हणायला तर अगदी सभ्य माणसेही शिकली.

आता त्या तुटलेल्या दोस्तीकडे येऊ. १९९२ च्या जुलैत दाऊदचा मेहुणा इब्राहिम पारकर नागपाड्यात मारला गेला, मारणारे अरुण गवळीच्या टोळीचे. १२ सप्टेंबर १९९२ रोजी त्याचा बदला म्हणून जे. जे. रुग्णालयात घुसून गोळीबार झाला. त्यानंतर डिसेंबर-जानेवारीच्या दंगली आणि १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट. २५७ माणसे गेली. दाऊद त्यातला मुख्य फरारी आरोपी. १९९३-९४ च्या सुमारास राजन त्याच्यापासून वेगळा झाला.

का झाला? राजनने स्वतः सांगितलेले कारण म्हणजे देशद्रोह सहन झाला नाही. पण कुरबुरी त्याआधीच्याच होत्या. छोटा शकील, शरद शेट्टी, सुनील सावंत ही दाऊदच्या जवळची माणसे राजनच्या वाढत्या वजनावर खार खाऊन होती, त्याच्यावर भरवसा ठेवू नका म्हणून कान भरत होती. इतिहासात हे नेहमीच होते. भांडण हिश्श्यावरून सुरू होते आणि बखरीत तत्त्वावरून लिहिले जाते.

'कंपनी'चे मला सर्वांत मोठे धाडस वाटते ते इथे. सिनेमात बॉम्बस्फोट नाहीत, हिंदू-मुसलमान हा झगडाही नाही. २००२ चा तो एप्रिल आठवा, गुजरात नुकताच जळला होता. मलिक मुसलमान आणि चंदू हिंदू म्हणून दोस्ती तुटली असे दाखवले असते तर टाळ्यांना तोटा नव्हता. वर्मा-साहनींनी ते केले नाही. एक फोन, एक नकार आणि मध्ये बोलणारी चार माणसे, एवढ्यावर त्यांनी दोस्ती तोडली. इतिहास म्हणून हे अपुरे आहे, कारण २५७ माणसांचा मृत्यू वगळून त्या काळाची गोष्ट पुरी होत नाही. (स्फोटांवरचा सिनेमा, अनुराग कश्यपांचा 'ब्लॅक फ्रायडे', २००७ मध्ये प्रदर्शित झाला.) पण टोळीतली दोस्ती कशाने तुटते, याचे निदान मात्र अचूक आहे.

विचार करा. साध्या धंद्यात भागीदारी मोडली तर कागद असतो, वकील असतो, दिवाणी न्यायालय असते. पाच-दहा वर्षे भांडून माणसे घरी जातात. टोळीच्या धंद्यात कागद नाही. वहीत काही लिहायचे नाही, साक्षीदार ठेवायचा नाही. सगळा व्यवहार शब्दावर. म्हणून तिथे 'दोस्ती', 'भाई', 'यारी' हे शब्द इतके मोठ्याने बोलले जातात. दोस्ती हेच तिथले भांडवल आणि तोच स्टँप पेपर. त्यामुळे संशय आला की तो तपासून पाहायची सोय नसते. ज्याला तुमचे सगळे माहीत आहे तोच सर्वांत धोक्याचा. दोन वर्गमित्र भांडले तर महिनाभर अबोला धरतात आणि एखाद्या सहलीत पुन्हा डबा वाटून खातात. मी शेकडो वेळा पाहिले आहे. या दोघांना तो महिना मिळत नाही. आधी जो मारील तो वाचेल, असा तिथला हिशेब. सिनेमातला चंदू वाईट वागला म्हणून दोस्ती तुटली नाही. एकदाच चांगले वागू पाहिला म्हणून तुटली. मुले मरू नयेत असे त्याला वाटले, आणि कंपनीच्या वहीत त्याची नोंद 'विश्वासघात' अशी झाली.

मात्र सिनेमा जिथे संपतो तिथे इतिहास संपला नाही. १९९९ मध्ये महाराष्ट्राने मोक्का कायदा केला, फोनवरचे संभाषण पुरावा म्हणून मान्य होऊ लागले. चकमकी वाढल्या. टोळीयुद्धाची धार पुढच्या काही वर्षांत बोथट झाली. जानेवारी २००३ मध्ये दुबईत शरद शेट्टी मारला गेला, बँकॉकचा सूड म्हणून. दाऊद पाकिस्तानात आहे असे भारत सरकार सांगत आले आहे आणि पाकिस्तान नाकारत आले आहे. राजन ऑक्टोबर २०१५ मध्ये बालीत पकडला गेला आणि त्याची रवानगी तिहारला झाली.

मधल्या काळात राजनविषयी एक चमत्कारिक आपुलकी आपल्यातल्या बऱ्याच घरांत बोलली गेली. 'तो निदान देशासाठी तरी करतो.' स्फोट खटल्यातले जामिनावर सुटलेले काही आरोपी १९९८ नंतर मारले गेले, ते राजन टोळीने केले असे सांगितले गेले, तेव्हा तर दिवाणखान्यात बसून शाबासकी देणारे मी ऐकले आहेत. इतिहास शिकवताना मी मुलांना एक साधी कसोटी सांगत असे. कोण काय म्हणाला हे नंतर बघा, आधी त्याच्या हातून कोण मेले ते बघा. ती कसोटी इथे लावू. जून २०११ मध्ये पवईत पत्रकार जे. डे यांचा खून झाला. मोटारसायकलवरून घरी चाललेला, गुन्हेगारीच्या बातम्या देणारा निःशस्त्र माणूस. त्या खुनासाठी २०१८ मध्ये राजनला जन्मठेप झाली. २००१ मध्ये हॉटेलवाले जया शेट्टी मारले गेले, पाठीमागे खंडणीच्या धमक्या होत्या. त्या खटल्यातही २०२४ मध्ये जन्मठेप झाली. यात देश कुठे आला? खंडणी मागणारा आवाज कोणत्या धर्माचा, यावर पलीकडच्या माणसाच्या हाताची थरथर कमी-जास्त होत नाही.

आणि सुपारी देणारे? सिनेमात निदान एक राजकारणी दिसतो. प्रत्यक्षात मालक, बिल्डर, निर्माते, भागीदार यांची मोठी रांग होती. खुद्द हिंदी सिनेमाच्या धंद्यात हा पैसा खेळत होता. १९९८ पर्यंत त्याला उद्योगाचा दर्जा नव्हता, बँका कर्ज देत नव्हत्या. १९९७ च्या ऑगस्टमध्ये गुलशन कुमार अंधेरीत मारले गेले, २००० च्या जानेवारीत राकेश रोशन यांच्यावर गोळीबार झाला. सुपारी घेणाऱ्यांवर डझनांनी सिनेमे निघाले. देणाऱ्यांवर का निघत नाहीत, हा प्रश्न मला पडतो.

मराठीत हा विषय आधीही आला आहे. 'अर्धसत्य' (१९८३) ज्या कथेवर आहे ती श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य'. जयंत पवारांचे 'अधांतर' नाटक तर संपानंतर कोलमडलेल्या गिरणी कामगाराच्या घरात घडते आणि त्या घरातला नरू टोळीत गेलेला असतो. २०१० चा 'लालबाग परळ' त्यावरूनच केला. 'कंपनी' पाहिलात तर त्यानंतर 'अधांतर' जरूर वाचा. 'कंपनी'त चंदू चाळ सोडून विमानाने जातो. 'अधांतर'मध्ये चाळ सोडता न आलेली आई दिसते.

लांबण फार झाली, आवरते घेते. एकच गोष्ट राहिली. जे. जे. रुग्णालयातल्या त्या गोळीबारात पहाऱ्यावरचे दोन पोलीस शिपाईही मारले गेले होते. दाऊद आणि राजन यांची दोस्ती कशी जमली, कशी तुटली, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्या दोन शिपायांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? घरातल्या मुलांनी 'कंपनी' पाहिला तर त्यांना अडवू नका, सिनेमा चांगलाच आहे. संपल्यावर मात्र त्यांच्याशी बसून या दोघांबद्दलही बोला.